रेट्रो टोस्टरचा खटका खाली टिकत नाही: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

स्लाइस घातल्या, खटका दाबला, की टक्‌कन वर. पुन्हा दाबला, पुन्हा वर. क्रीम, पिस्ता किंवा फिक्या निळ्या रंगाचे, गोल कडांचे, क्रोमचा खटका असलेले जे रेट्रो टोस्टर दुरुस्तीला येतात, त्यांची सगळ्यात नेहमीची तक्रार हीच. त्यातले बरेचसे उघडावेही लागत नाहीत. दोष घरातल्या बोर्डात, बाहेरून आणलेल्या प्लगमध्ये किंवा आत साठलेल्या चुऱ्यात निघतो. म्हणून स्क्रूड्रायव्हर शोधण्याआधी पुढचं सगळं वाचा.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आजच्या बहुतेक टोस्टरचा खटका दाराच्या कडीसारखा कशात अडकत नाही. तो खाली गेला की आतले दोन संपर्क जुळतात, वीज सुरू होते, तळाशी असलेली छोटी कॉइल चुंबक बनते आणि खटक्याला जोडलेली लोखंडी पट्टी धरून ठेवते. टायमरची वेळ संपली की कॉइलची वीज तुटते, पट्टी सुटते आणि स्प्रिंग टोस्ट वर उचलते. म्हणजे वीजच नसेल तर खटका टिकणार नाही, आणि तो टोस्टरचा दोष नाही. प्लग न लावता "खटका बसतो का" हे बघणं त्यामुळे निरर्थक आहे. दुकानात तसं बघून टोस्टर नाकारणारेही असतात.

लक्षणं

खटका वर येतो एवढंच सांगून भागत नाही. रिकामा टोस्टर बोर्डाला लावा, बटण चालू करा, खटका पूर्ण खाली दाबा आणि पाच सेकंद हातानेच धरून ठेवा. चेहरा लांब ठेवून वरून आत बघा. दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, कारण हाताने दाबलेला खटका टायमर सोडवू शकत नाही.

- तारा लाल होत नाहीत, ऊब नाही, दिवाही नाही: वीज आत येत नाही किंवा आतला मार्ग कुठेतरी तुटलाय.
- तारा लाल होतात, पण हात सोडला की खटका वर: तापणारा भाग ठीक आहे. संशय कॅन्सल बटण, कॉइल, तिच्यावरची घाण आणि टायमरचा सर्किट बोर्ड यांच्यावर.
- तापणाऱ्या तारांची एखादीच जाळी लाल होते, बाकीच्या काळ्या: तापणारी तार तुटलीय. अनेक टोस्टरमध्ये कॉइलसाठीची कमी व्होल्टची वीज याच तारेच्या एका भागातून घेतलेली असते. म्हणून तार तुटली की खटकाही टिकेनासा होतो, आणि लोक उगाच कॉइलला दोष देतात.
- सकाळी टिकत नाही, दुपारी टिकतो: व्होल्टेज कमी, किंवा प्लग ढिला.
- खाली जातानाच अडतो, करकरतो: पाव, चुरा किंवा पाव धरणाऱ्या जाळीची वाकलेली तार.
- पहिल्या फेरीला टिकतो, लगेच दुसऱ्या फेरीला नाही: द्विधातू पट्टीवर (तापली की वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीवर) चालणारा जुना टोस्टर असेल तर हे बहुधा त्याचं वागणंच आहे. पट्टी थंड होईपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा.

आणि एक उलटं लक्षण: टोस्ट वर आले तरी तारा लालच राहतात, किंवा वेळ संपूनही खटका वर येत नाही. इथे पुढची एकही तपासणी करायची नाही. प्लग काढा आणि टोस्टर बाजूला ठेवा. संपर्काचे टोक वितळून एकमेकांना चिकटले असण्याची शक्यता असते, आणि तसा टोस्टर आतल्या चुऱ्याला आग लावू शकतो.

१. बोर्ड आणि प्लग

त्याच सॉकेटला मिक्सर लावून बघा. मोबाइलचा चार्जर चालतो म्हणून सॉकेट चांगलं, असं धरू नका. चार्जरला जेमतेम काही वॅट लागतात. दोन स्लाइसच्या टोस्टरला ७०० ते ९५० वॅट, म्हणजे तीन ते चार अँपिअर. सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झाली असेल तर चार्जर चालेल, पण टोस्टरचा भार आला की ठिणगी पडेल. प्लगच्या पिना तपकिरी-काळ्या दिसल्या किंवा प्लग काढताना तो हाताला गरम लागला, तर आधी सॉकेट बदला. चार स्लाइसचा टोस्टर १४०० ते १८०० वॅटचा असतो. त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेटच हवं; ६ अँपिअरच्या लाइनवर त्याचा एमसीबी पडला तर तो बिघाड नव्हे.

रेट्रो टोस्टरच्या बाबतीत खरी गंमत प्लगची आहे, कारण यातले पुष्कळ कुणीतरी परदेशातून आणलेले किंवा भेट मिळालेले असतात.

दुबईहून आलेल्याला चपट्या तीन पिनांचा इंग्लंडच्या पद्धतीचा प्लग असतो. विजेचं मान आपल्यासारखंच, त्यामुळे चिंता नाही. पण त्या प्लगच्या पोटात एक छोटा फ्यूज असतो हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. टोस्टर पूर्ण निपचित असेल तर आधी तो फ्यूज तपासा. काही रुपयांचं काम आहे.

युरोपातून आलेल्याला दोन जाड गोल पिना असतात. त्या आपल्या सॉकेटमध्ये जातात, पण किंचित बारीक असल्यामुळे हलतात. त्याहून वाईट म्हणजे त्या प्लगचं अर्थिंग बाजूच्या पत्र्यांमधून होतं आणि आपल्या सॉकेटला ते पत्रे लागतच नाहीत. टोस्टर चालतो, पण अर्थिंगशिवाय. साध्या प्लॅस्टिकच्या टोस्टरला हे कदाचित खपून जाईल. रेट्रोचं अंग लोखंडी पत्र्याचं किंवा स्टीलचं असतं, तिथे खपवून घेऊ नका. मल्टी-पिन अ‍ॅडॉप्टर हा यावरचा उपाय नाही, तो तर आणखी एक ढिला जोड. वायरमनकडून आयएसआय शिक्क्याचा थ्री-पिन प्लग बसवून घ्या. नाशिकच्या मेन रोड, शालिमार भागातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात तो मिळेल. तपकिरी वायर फेजला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी अर्थला. वॉरंटी चालू असेल तर मूळ प्लग कापण्याआधी कंपनीला विचारा.

अमेरिकेतून आलेला टोस्टर १२० व्होल्टचा असतो. तो २३० व्होल्टला लावला तर त्याच तारेत जवळपास पावणेचार पट शक्ती जाते, आणि तार काही सेकंदांत जाते. खालची पाटी वाचा. १२० लिहिलं असेल तर एक तर पुरेशा वॅटचा अवजड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, नाहीतर टोस्टर शोकेसमध्ये ठेवा. दुसरा पर्याय शहाणपणाचा.

२. व्होल्टेज आणि इन्व्हर्टर

टोस्टरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर शक्ती १०० टक्के सोडाच, पुरती ८७ टक्केही राहत नाही; ती साधारण ७५ टक्क्यांवर येते. टायमर मात्र वेळ तेवढीच मोजतो. म्हणून टोस्ट फिके येतात, आणि व्होल्टेज आणखी उतरलं की कॉइलची पकड सुटते. नाशिकच्या थंडीत सकाळी सात ते नऊ या वेळात सगळ्या इमारतीचे गीझर एकदम चालू असतात. "सकाळीच बिघडतो" ही तक्रार डिसेंबर-जानेवारीत आली तर आधी इकडे बघा. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो लावून सकाळचा आणि दुपारचा आकडा लिहून ठेवा. घरगुती पुरवठ्यात २३० च्या वर-खाली ६ टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४, एवढी मुभा असते. आकडा सतत त्याखाली असेल तर महावितरणकडे १९१२ वर तक्रार करा. टोस्टरवाल्याकडे जाऊन उपयोग नाही. फक्त टोस्टर लावल्यावरच आकडा दहा-पंधराने कोसळत असेल तर दोष घरातल्या वायरिंगच्या ढिल्या जोडात आहे. ते वायरमनचं काम, आणि लवकर करून घ्यायचं.

स्वयंपाकघरातलं ते सॉकेट इन्व्हर्टरवर आहे का, हेही बघा. ८०० व्हीएचा इन्व्हर्टर ८०० वॅटचा टोस्टर ओढू शकत नाही. वीज गेलेली असताना टोस्ट तव्यावर भाजा.

३. कॅन्सल बटण

ही तपासणी फुकट आहे, आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारीही. कॅन्सल, रीहीट, डीफ्रॉस्ट ही बटणं ओट्यावरच्या तेलकट धुरळ्याने चिकट होतात. कॅन्सल आतच अडकून राहिलं की टोस्टरला कुणीतरी सतत "थांब" म्हणत असल्यासारखं होतं, आणि खटका कधीच टिकत नाही. प्लग काढून प्रत्येक बटण दहा-बारा वेळा दाबा. दाबलं की टिक, सोडलं की पूर्ण बाहेर यायला हवं. कड चिकट असेल तर घट्ट पिळलेल्या, जेमतेम ओलसर फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. बटणाच्या फटीत क्लीनरचा फवारा मारू नका.

४. चुरा

इथून पुढच्या प्रत्येक कामासाठी प्लग सॉकेटमधून बाहेर. नुसतं बटण बंद केलेलं चालणार नाही. घरात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर बटण बंद असूनही आतली तार जिवंत राहू शकते. टोस्टर पूर्ण थंड होऊ द्या, निदान अर्धा तास.

खालचा ट्रे ओढून काढा, झटका, धुतला तर कोरडा करून मगच बसवा. काही स्वस्त रेट्रो मॉडेलना ट्रे नसतो, तळाला झडप असते. मग टोस्टर वर्तमानपत्रावर उलटा धरा, खटक्याची बाजू किंचित उंच ठेवा आणि हलक्या हाताने थोपटा. खटक्याची बाजू उंच का? कॉइल आणि संपर्क त्या टोकाला असतात. ते टोक खाली राहिलं तर चुरा नेमका तिथेच जाऊन बसतो. आपटू मात्र नका. तारा अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर गुंडाळलेल्या असतात आणि अभ्रक सहज तडकतं.

चुऱ्याचा एक कण कॉइल आणि पट्टीच्या मध्ये अडकला तरी पकड जाते. चुंबकाची ओढ अगदी जवळच्या अंतरावरच जोरदार असते. अर्धा मिलिमीटर फट पडली की पट्टी सुटते. रोज टोस्ट होत असतील तर ट्रे आठवड्याला रिकामा करा. लोणी लावून स्लाइस टाकायची सवय घरात असेल तर ती आजच बंद करा: लोणी तारेवर जळतं, खाली ओघळतं आणि चुऱ्याला घट्ट चिकटवून टाकतं.

झुरळांचा विषयही इथेच काढतो. गरम, अंधारी जागा आणि फुकटचं खाणं, त्यांना आणखी काय हवं. सर्किट बोर्डावर त्यांची घाण पडली की टायमर वेड्यासारखा वागू लागतो. पण टोस्टरमध्ये स्प्रे कधीही मारू नका, त्यातला वायू पेट घेतो. ओट्याच्या कोपऱ्यांत जेल लावा आणि टोस्टर थंड झाला की कापडी झाकण घाला.

५. पाव

बाजारातली सँडविच ब्रेडची स्लाइस साधारण १२ मिलिमीटर जाड असते, ती कुठल्याही टोस्टरात जाते. भानगड होते रविवारी, मिसळीसोबत आणलेला लादी पाव टोस्टरात कोंबला की. अख्खा पाव चार-पाच सेंटिमीटर जाड. तो पाव धरणाऱ्या जाळीच्या तारा बाहेर ढकलतो, पाव वर-खाली नेणारी गाडी तिरकी होते आणि पट्टी कॉइलवर सपाट बसत नाही. पाव आडवा कापा आणि अर्धा अर्धा टाका. फुगला की तोही अडकतोच, म्हणून मुंबई-पुण्याकडची मंडळी काहीही सांगोत, लादी पाव तव्यावरच चांगला. शिळी पोळी दुमडून टाकणं तर नकोच. तिचे पापुद्रे तारेला चिकटतात.

आता तेवढ्यापुरता प्लग लावून रिकाम्या टोस्टरचा खटका सरळ, न थबकता, तळापर्यंत दाबून बघा. रिकामा टिकतो आणि पाव घातला की टिकत नाही, तर दोष जाडीचा किंवा वाकलेल्या जाळीचा. प्लग पुन्हा काढून, टोस्टर थंड झाला की जाळीची तार लाकडी चिमट्याने हळूच सरळ करता येते. सुरी, काटा, चमचा आत घालू नका. प्लग काढलेला असला तरी अभ्रक फाटेल.

६. न उघडता सफाई

खटक्याच्या फटीतून टॉर्च मारा. एक इंची कोरडा रंगाचा ब्रश आणि हातपंप किंवा हेअर ड्रायरची थंड हवा पुरते. खटका वर-खाली करत हवा मारा. करकर होते म्हणून तेल, ग्रीस किंवा गंजावरचा स्प्रे सोडू नका. ते तापून धूर होतो, आणि पुढचा सगळा चुरा तिथेच चिकटतो. दुरुस्तीला आलेल्या टोस्टरमध्ये घरच्या तेलाने झालेलं नुकसान मूळ बिघाडापेक्षा मोठं असतं.

७. मल्टिमीटर असेल तर

टोस्टर उघडायच्या आधी प्लगच्या पिनांवरच तीन मापं घ्या. प्लग अर्थातच बाहेर.

खटका हाताने दाबून फेज आणि न्यूट्रल पिनांमध्ये ओहम मोजा. २३० चा वर्ग भागिले वॅट: ८०० वॅटच्या टोस्टरला ६६ ओहमच्या आसपास, ९५० वॅटच्याला ५५ ते ५६. थंड तारेचं माप किंचित कमी येतं, ते चालतं. माप अपेक्षेच्या दीडपट-दुप्पट आलं तर एखादी जाळी गेलीय. माप आलंच नाही तर तार, संपर्क किंवा वायर तुटलीय.

अर्थची मोठी पिन आणि टोस्टरचं अंग: एक ओहमच्या आत हवं. रंगावर माप येत नाही, म्हणून खालच्या उघड्या स्क्रूवर टोक लावा.

फेज पिन आणि अंग, मग न्यूट्रल पिन आणि अंग, दोन्ही वेळा खटका दाबून: सगळ्यात मोठ्या रेंजवरही मीटरने काहीच दाखवू नये. काही दाखवलं तर इथेच थांबा.

८. उघडणं

वॉरंटी संपलेली असेल, वरची मापं नीट असतील, तारा तापत असतील आणि तरीही खटका टिकत नसेल, तरच. महागड्या रेट्रो टोस्टरना त्रिकोणी किंवा तीन पाकळ्यांचे स्क्रू असतात. बिट नसेल तर पक्कडीने कुरतडू नका. रंगाला ओरखडा गेला की निम्मी किंमत गेली. उघडताना प्रत्येक वायरचा फोटो काढा.

कॉइलचं चकचकीत तोंड आणि समोरची लोखंडी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. पट्टी जराशी डुगडुगते, ती तशीच ठेवा. सपाट बसावी म्हणूनच ती सैल जोडलेली असते. घट्ट केली तर टोस्टर कायमचा बिघडेल. संपर्कांवर काजळी असेल तर जाड कागदाची पट्टी मध्ये धरून ओढा. खड्डे पडलेले असतील तर घासून उपयोग नाही, ते बदलावेच लागतात.

तुटलेली निक्रोमची (म्हणजे तापणारी) तार दिसली तर तिला सोल्डर करायच्या फंदात पडू नका. ती तार लाल होते तेव्हा सोल्डर केव्हाच वितळलेलं असतं. पीळ मारून जोडली तर तो जोडच जास्त तापतो आणि तिथेच पुन्हा तुटतो, कधी पावाला चिकटून. पूर्ण जाळीच बदलतात.

कुठे थांबायचं

खालीलपैकी काहीही दिसलं तर स्वतः हात घालायचा नाही, कारागिराकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिसकडे जायचं:

- अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, किंवा टेस्टर पेटतो.
- टोस्टर लावला की ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. घरगुती ईएलसीबी बहुधा ३० मिलिअँपिअर गळतीवर पडतो. त्याला बायपास करून टोस्टर चालवणं हा गाढवपणा आहे. पावसाळ्यात ओलसर खारट चुऱ्यामुळेही गळती होते. ट्रे आणि आतला चुरा काढून, दोन दिवस कोरड्या जागी ठेवून एकदाच पुन्हा बघा. पुन्हा पडला तर कारागीर.
- टोस्ट वर आल्यावरही तारा लाल राहतात.
- प्लॅस्टिक जळाल्याचा वास, काळा पडलेला सर्किट बोर्ड, तडकलेलं अभ्रक, कडक होऊन चिरलेली वायर.

साध्या टोस्टरचा सर्किट बोर्ड गेला तर दुरुस्तीत पैसे घालू नका. महाग रेट्रो असेल आणि मूळ सुटा भाग मिळत असेल तर जरूर घाला. "त्याच्यासारखाच" बोर्ड लावून देतो म्हणणाऱ्याला मात्र देऊ नका, कारण कॉइलचं व्होल्टेज मॉडेलगणिक वेगळं असतं.

नवा घेणार असाल तर

रंग शेवटी बघा. टोस्टर दुकानात बोर्डाला लावून खटका टिकतो का ते बघा. ट्रे मागून ओढून निघतो का, कॅन्सल बटण खोबणीत रुतलेलं आहे की मोकळं, स्लॉट निदान ३० मिलिमीटर रुंद आहे का, पिना भारतीय आहेत का. वायर बहुतेकदा मीटरभरच असते. ती तुमच्या ओट्यावरच्या सॉकेटपर्यंत पोचून टोस्टर गॅसपासून दीड-दोन फूट लांब राहील का, हे घरूनच मोजून जा. गॅसजवळ ठेवला तर फोडणीचा थर आत जातोच. सर्व्हिस सेंटर नाशिकमध्ये आहे की टोस्टर मुंबईला पाठवावा लागतो, हे बिल करण्याआधी विचारा. ड्युअलिटच्या क्लासिक मॉडेलांना चावीसारखा फिरवायचा टायमर असतो आणि टोस्ट आपोआप वर येत नाहीत, हाताने उचलावे लागतात. ते मुद्दाम तसं केलेलं आहे. तो बिघाड समजून परत करू नका.

कारागिराकडे नेताना पाच सेकंदांच्या चाचणीत काय दिसलं ते आणि ओहमचे आकडे कागदावर लिहून द्या. "चालत नाही" एवढंच सांगितलं तर तो आधी कॉइलच बदलतो. परत घेताना त्याच्यासमोर दोन फेऱ्या लागोपाठ चालवून बघा, आणि अर्थची हिरवी-पिवळी वायर अंगाला पुन्हा जोडली का, हे मीटर लावून दाखवायला सांगा.